सही करण्यापूर्वीं : घराच्या कागदांतील शब्द

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधणाऱ्याची गांठ दगड, माती, सागवान आणि गवंडी-सुतार यांच्याशीं पडत असे. आतां ती प्रथम शब्दांशीं पडते. साठेखत, खरेदीखत, फेरफार, बोजा, चटई क्षेत्र, भोगवटा, तारण हे शब्द आपल्या घरांत रोज कानांवर येतात, आणि ते आपणांस समजतात असें प्रत्येकास वाटत असतें. परंतु शब्द ऐकून ठाऊक असणें वेगळें आणि त्याचा अर्थ कळून त्याखालीं सही करणें वेगळें. वास्तुशांतीचा मुहूर्त काढण्यास आपण जितका वेळ देतों, त्याच्या निम्मा वेळहि खरेदीखत वाचण्यास देत नाहीं, हें आम्हीं अनेक सुशिक्षित घरांत पाहिलें आहे. आणि खरें सांगावयाचें तर आमच्या स्वतःच्या घरांतहि पाहिलें आहे.

हा विषय या महिन्यांत हातीं घेण्यास एक प्रसंग कारण झाला. गेल्या दिवाळीनंतर आम्हीं नांदेडास एका जुन्या स्नेह्यांकडे गेलों होतों. हे गृहस्थ मूळचे लातूरचे. शिक्षकाची नोकरी करून निवृत्त झालेले. लातुरास गंजगोलाईपासून थोड्या अंतरावर त्यांचा वडिलोपार्जित वाडा आहे. आईवडील दोघेहि वारल्यानंतर तो विकावा आणि त्या पैशांत थोडें कर्ज काढून मुलासाठीं नांदेडास सदनिका घ्यावी, असें त्यांनीं ठरविलें होतें. त्यासाठीं धाकट्या बहिणीस परभणीहून मुद्दाम बोलावून घेतलें होतें. चहा झाल्यावर त्यांनीं तिच्यापुढें एक टंकलिखित कागद ठेवला आणि म्हणाले, ‘‘बाई, एवढी एक सही कर. नुसता उपचार आहे.’’ तिनें चष्मा लावला, कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलें, ‘‘अण्णा, यांत काय लिहिलें आहे?’’

अण्णा क्षणभर थांबले. ‘‘वकिलांनीं लिहिलें आहे तें,’’ असें म्हणाले. आम्हीं शेजारींच बसलों होतों. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, सही मागणाराला आणि सही करणारीला, दोघांनाहि त्या कागदाचा अर्थ नीट ठाऊक नव्हता. त्या सहीचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं. तोंवर अशा घरास जे शब्द क्रमाक्रमानें भेटतात, त्यांची ओळख करून घेऊं.

पेटींतले कागद

पहिली भेट जुन्या कागदांशीं होते. आमच्या स्नेह्यांच्या पत्र्याच्या पेटींत तीन लिप्यांचे कागद निघाले : एक उर्दू, एक मोडी आणि बाकीचे बाळबोध. मराठवाड्यांतील घरांस हें नवें नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. म्हणून पुण्या-साताऱ्याच्या वाचकांस जे कागद ओळखीचे वाटतात, त्यांच्या मागें येथें आणखी एक थर असतो. जुन्या कागदावर सन फसली असतो. त्यांत सुमारें ५९० मिळविले कीं इसवी सन येतो. १३४५ फसली म्हणजे सन १९३५-३६. शेतजमिनीच्या बाबतींत १९५४-५५ चें खासरा पत्रक हा येथील मोठा आधार समजला जातो. त्या वेळीं जमीन कोणाच्या नांवें आणि कोणाच्या कब्जांत होती, तें त्यावरून कळतें. लातूर जिल्हा १९८२ सालीं उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतून वेगळा झाला; त्यामुळें त्यापूर्वींच्या कागदांवर जिल्ह्याचें नांव निराळें दिसलें तर दचकूं नये. उर्दू आणि मोडी कागद जाणकाराकडून वाचवून घेऊन त्यांचें लिप्यंतर जवळ ठेवावें. ‘जुनें आहे, कोणास समजतें!’ म्हणून ते रद्दींत टाकणें म्हणजे घराचा पाया उकरून टाकण्यासारखें आहे.

आपल्याकडे गांवाची शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. हा भेद कागदांतहि आहे. काळीचा कागद सातबारा. गांव नमुना सात हा अधिकारांचा आणि बारा हा पिकांचा. दोहोंचा मिळून सातबारा. एका खातेदाराची गांवांतील सर्व जमीन एकत्र दाखविणारा उतारा तो आठ-अ. पांढरीचा कागद वेगळा : शहरांत जेथें नगर भूमापन झालें आहे तेथें मालमत्ता पत्रक, ज्यास लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. खेड्यांतील गांवठाणांत वर्षानुवर्षें ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा हाच मालकीचा कागद समजला जाई. वस्तुतः तो कर कोणाकडून घ्यावयाचा हें सांगणारा कागद आहे. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणांचें ड्रोनच्या साहाय्यानें मोजमाप करून अशा घरांना मालमत्ता पत्रकें देण्याचें काम हातीं घेण्यांत आलें आहे.

सातबाऱ्यावर नांव बदलतें तें फेरफारानें. वारस लागला, खरेदी झाली, वाटणी झाली, बोजा चढला किंवा उतरला कीं फेरफाराच्या नोंदवहींत नोंद होते, संबंधितांस नोटीस निघते आणि हरकत नसल्यास नोंद मंजूर होते. येथें एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी. फेरफार हा मालकी निर्माण करीत नाहीं. जी मालकी दुसऱ्या कागदानें किंवा वारशानें आली, तिची तो महसुलाच्या सोयीसाठीं नोंद करतो. ‘सातबाऱ्यावर नांव आहे, मग मालक मीच’ या भरंवशावर अनेक घरें कोर्टाची पायरी चढलीं आहेत. आणि शहाण्यानें ती चढूं नये, हें तर आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों.

सातबाऱ्यावरील आणखी दोन शब्द पाहावे. भोगवटादार वर्ग १ म्हणजे जमीन हस्तांतरित करण्यास सामान्यतः मोकळीक; वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीवांचून ती विकतां येत नाहीं. मराठवाड्यांत देवस्थानच्या आणि इतर इनामांच्या जमिनी पुष्कळ असल्यामुळें हा आंकडा पाहिल्यावांचून विसाराचा रुपयाहि देऊं नये. ‘इतर अधिकार’ या रकान्यांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, न्यायालयाची मनाई यांचा उल्लेख असतो. विकणारा आपल्यापुढें नांवाचा रकाना धरतो. आपण हा रकाना आधीं वाचावा.

देण्याघेण्याचे शब्द

आतां व्यवहाराकडे वळूं. विसारपावती म्हणजे बोलणें पक्कें झाल्याची खूण. साठेखत म्हणजे ‘अमुक अटी पुऱ्या झाल्यावर विकीन’ असा करार. खरेदीखत म्हणजे ‘विकलें’. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, विक्रीच्या करारानें त्या मिळकतींत स्वतःहून कोणताहि हक्क निर्माण होत नाहीं. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच होते. ज्यांनीं साठेखत करून, सगळे पैसे देऊन, किल्ली घेऊन, कोनशिलेवर नांवहि कोरलें आणि खरेदीखत मात्र ‘सवडीनें करूं’ म्हणून ठेवलें, त्यांच्या मुलांना पुढें विकणाऱ्याच्या वारसांचे उंबरठे झिजवावे लागतात.

याहून घातक समजूत नोटरीविषयीं आहे. मुद्रांकाच्या कागदावर लिहिलें, नोटरीचा शिक्का बसला कीं जागा आपली झाली, असें मानून शहरांच्या कडेला पुष्कळांनीं भूखंड घेतले. नोटरी सही करणाऱ्याची ओळख आणि सही प्रमाणित करतो. मालकी देण्याचा अधिकार त्यास नाहीं. तसेंच मुखत्यारपत्राचें. मुखत्यार म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें काम करणारा. मुखत्यारपत्र घेतल्यानें कोणी मालक होत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ ऑक्टोबर २०११ रोजीं झाला आहे.

दस्त नोंदला जातो तो दुय्यम निबंधकाकडे. त्या वेळीं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरावी लागते. मुद्रांक शुल्क आपण सांगितलेल्या किमतीवरच घेतात असें नाहीं. सरकारच्या वार्षिक दर विवरणपत्राप्रमाणें, म्हणजे लोकांच्या तोंडच्या रेडी रेकनरप्रमाणें, येणारी किंमत अधिक असेल तर तीवर घेतात. निवासी घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नांवें विकत घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कांत एक टक्का सवलत आहे. पतिपत्नींच्या जोडनांवें घेतल्यास ती मिळत नाहीं. नोंदलेल्या दस्ताचा सारांश सूची क्रमांक दोनमध्यें उमटतो. जाणता वकील या सूच्यांवरून तीस वर्षांचा माग काढून जो अहवाल देतो, तोच शोध अहवाल. मुलीचें स्थळ पाहतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. घराची चौकशी म्हणजे हा अहवाल.

गहाणाचे प्रकारहि ठाऊक असावे. साध्या गहाणांत ताबा आपल्याकडेच राहतो. ताबेगहाणांत कर्ज फिटेपर्यंत ताबा सावकाराकडे जातो. मुदतखरेदीमध्यें वरून विक्री दिसते, परंतु ठरल्या मुदतींत पैसे परत केल्यास मिळकत परत मिळण्याची अट असते. आणि कायद्याप्रमाणें ती अट त्याच खरेदीच्या दस्तांत लिहिलेली असावी लागते, तरच तें गहाण ठरतें. अडचणीच्या वेळीं ‘नांवाला खरेदीखत करून द्या, पैसे आले कीं परत करूं’ असें सांगणारा भेटतो. परत करण्याची अट दस्तांत नसेल, तर ती नांवाची खरेदी खरीच ठरण्याची भीति असते. दुष्काळाच्या वर्षीं अशा कागदांवर जमिनी गेलेलीं घरें मराठवाड्यांत सांगण्यास फार शोध करावा लागत नाहीं. अवैध सावकारींत अशा रीतीनें गेलेल्या मिळकतीविषयीं सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागण्याची सोय महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानें केली आहे, हेंहि येथें नमूद करणें आमचें कर्तव्य आहे.

मापाचे शब्द

जागा मोजण्यांत फसगत होते ती गणित येत नाहीं म्हणून नव्हे, माप कोणतें हें विचारलें नाहीं म्हणून. तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित् मोठा, सुमारें १०१ चौरस मीटर. बोलणें गुंठ्यांत आणि लिहिणें आरांत झालें तर ही किंचित् तफावत दहा गुंठ्यांत सव्वाशें चौरस फुटांच्या घरांत जाते. एक खोली कमी झाली म्हणा ना.

शेतजमिनीचे मंजुरीवांचून तुकडे पाडून विकलेल्या वस्त्यांना गुंठेवारी म्हणतात. नांदेड, लातूर यांसारख्या वाढत्या शहरांभोवतीं हा शब्द फार ऐकूं येतो. अशा वस्त्या नियमित करण्यासाठीं २००१ सालीं कायदा झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीनें ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीस त्याचा लाभ देण्यांत आला. परंतु ‘नियमित होईल’ आणि ‘नियमित झालें’ या दोन वाक्यांमध्यें केवळ क्रियापदाचा फरक नाहीं. दुसऱ्या वाक्याचा दाखला हातांत घेऊनच पैसे द्यावे. शेतजमीन घरासाठीं वापरावयाची तर ती अकृषिक, म्हणजे एन. ए., झाली आहे काय, तेंहि पाहावें.

सदनिकेचीं मापें तीन. चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आंतील वापरावयाची जागा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें, ज्यास सर्वत्र रेरा म्हणतात, त्यांत आंतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, नळांचे व तारांचे उभे मार्ग, आपल्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाहीं. बांधीव क्षेत्रांत भिंती येतात. तिसऱ्या ‘सुपर बिल्ट-अप’ मापांत जिना, उद्वाहक, प्रवेशाचा दालनभाग यांचाहि वांटा मिसळतात, आणि किती मिसळावा यास ठराविक नियम नसतो. समजा, हजार चौरस फूट म्हणून सांगितलेल्या घरांत सतरंजी अंथरतां येईल इतकी जागा सातशेंच निघाली, तर चार हजारांचा दर वस्तुतः पांच हजार सातशेंवर जातो. म्हणून दर विचारतांना एकच प्रश्न करावा : ‘चटई क्षेत्र किती?’ चटई क्षेत्र निर्देशांक ही निराळी गोष्ट. भूखंडाच्या किती पट बांधकाम करतां येईल तें तो सांगतो. दोन हजार चौरस फुटांच्या भूखंडास निर्देशांक १.१ असेल तर २,२०० फूट बांधतां येतें.

महाराष्ट्रांत महारेराचें काम १ मे २०१७ पासून सुरू आहे. पांचशें चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची तेथें नोंदणी लागते. नोंदलेला करार केल्यावांचून बांधणाऱ्यास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. ग्राहकांकडून आलेल्या रकमेंतील सत्तर टक्के त्याच प्रकल्पासाठीं वेगळ्या खात्यांत ठेवावे लागतात. आणि ताबा दिल्यापासून पांच वर्षांत बांधकामाच्या रचनेंत दोष दिसला तर तो त्यानें विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. ताबा घेतांना भोगवटा प्रमाणपत्र मागावें. तें म्हणजे इमारत राहण्यायोग्य आहे, असा नगरसंस्थेचा दाखला. किल्ली मिळाली म्हणजे भोगवटा मिळाला असें नव्हे.

विटा, माती आणि किल्लारी

बांधकामाच्या शब्दांपैकीं कित्येक आपल्या घरांतून नाहींसे होत आहेत. खण, ढेळज, ओसरी, माळवद हे शब्द ज्यांनीं वाड्यांत बालपण काढलें त्यांनाच ठाऊक. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर जाड माती घालून केलेलें सपाट छत. उन्हाळ्यांत त्यासारखा थंडावा नाहीं. परंतु याच माळवदाविषयीं लातूरकरांस निराळें कांहीं सांगावें लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, तीन वाजून छपन्न मिनिटांनीं किल्लारी परिसरांत भूकंप झाला आणि हजारों माणसें झोपेंतच गेलीं. भिंती रुंद होत्या, पण दगड मातींत रचलेले. भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या थरांस बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणीं नव्हता. आणि डोक्यावर मातीचा तो भार. भिंतीचे दोन थर दोहों बाजूंस फाकले व छत खालीं आलें. तेव्हांच्या भूकंपनकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. २००२ च्या सुधारलेल्या नकाशांत तो तिसऱ्या पट्ट्यांत घातला गेला.

त्यानंतर बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. जमीनधारणेप्रमाणें २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. पिढ्यान् पिढ्या घर खणांत मोजणाऱ्या कुटुंबांना तें एकाएकीं चौरस फुटांत मोजावें लागलें. जोतें, सज्जा, पट्टा हे शब्द लोकांनीं त्या वेळीं नीट ऐकले. जोतें म्हणजे जमिनीपासून घराच्या तळापर्यंतचा चौथरा. त्यावरून सलग गेलेला, आणि दारें-खिडक्यांच्या माथ्यावरून सलग गेलेला लोखंडी सळयांचा काँक्रिटचा पट्टा हा चारी भिंतींस कमरपट्ट्याप्रमाणें एकत्र धरून ठेवतो. घर बांधणाऱ्यानें फरशीचा रंग निवडण्याआधीं हा पट्टा आहे ना, तें विचारावें. आपली काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते; म्हणून पाया तिच्यावर न ठेवतां खालीं मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यावा. वाळू आणि खडी ब्रासनें मोजतात. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गाडीचा हौदा फूटपट्टीनें मोजण्यास लाजूं नये.

नांदेडकरांसाठीं आणखी दोन शब्द, निळी रेषा आणि लाल रेषा. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी, आणि शंभर वर्षांतून येणाऱ्याची ती लाल. गोदावरीच्या कांठचा भूखंड कितीहि रम्य असो, या रेषा कोठून जातात तें नकाशावर पाहावें. लातूरकरांस पाण्याविषयीं आम्हीं काय सांगावें? २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून ज्या शहरानें दिवस काढले, तेथें घराची किंमत विचारण्याआधीं नळ किती दिवसांनीं येतो हें विचारण्याची रीत पडली तर नवल नाहीं.

कर्जाचे शब्द

कर्जाविषयीं आपल्या वडीलधाऱ्यांस धास्ती होती. आपणांस ती उरलेली नाहीं. दोन्हींच्या मधें कोठें तरी शहाणपण आहे. समान मासिक हप्ता, म्हणजे ई. एम. आय., दरमहा सारखाच असतो. पण त्यांतील मुद्दल आणि व्याज यांचें प्रमाण सारखें नसतें. वीस लाख रुपये नऊ टक्क्यांनीं वीस वर्षांसाठीं घेतले तर हप्ता सुमारें १७,९९५ रुपये येतो. पहिल्या महिन्यांत त्यांतले पंधरा हजार व्याजांत जातात आणि मुद्दलांतून तीन हजारहि फिटत नाहींत. दहा वर्षें हप्ते भरून झाल्यावर साडेएकवीस लाखांहून अधिक रक्कम दिलेली असते, आणि तरीहि सुमारें चौदा लाख वीस हजार देणें उरतें. हेंच कर्ज पंधरा वर्षांत फेडलें तर हप्ता सुमारें २,३०० रुपयांनीं वाढतो, परंतु एकंदर व्याजांत साडेसहा लाखांहून अधिक वांचतात. या एका हिशेबावर घरांत सर्वांनीं मिळून बसावें, असें आम्हांस वाटतें.

व्याजाचा दर स्थिर किंवा बदलता असतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांस बाहेरच्या मानदंडाशीं, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशीं, जोडणें आवश्यक झालें. दर वाढला कीं पुष्कळदां हप्ता तोच राहतो आणि मुदत गुपचूप लांबते. म्हणून वर्षांतून एकदां खात्याचा उतारा मागवावा. व्यक्तीनें घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतीपूर्वीं फेड केल्यास बँकेला दंड आकारतां येत नाहीं. तारण म्हणजे ज्याच्या आधारावर कर्ज मिळतें तें, येथें घरच. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळावे आणि बँकेच्या चुकीनें उशीर झाल्यास दर दिवसास पांच हजार रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद घेऊन थांबूं नये. सातबाऱ्यावरील किंवा मालमत्ता पत्रकावरील बोजा कमी झाल्याची नोंदहि करून घ्यावी.

जामीनदार हा शब्द आपल्याकडे भिडेचा. मेहुण्यासाठीं, सहकाऱ्यासाठीं आपण सही करून येतों आणि घरीं सांगतहि नाहीं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराकडून वसूल न झाल्यावरच आपल्याकडे येतील, ही समजूत चुकीची आहे. जामीन राहावयाचेंच असेल तर तेवढें कर्ज आपणच घेतलें आहे, असें मानून सही करावी.

बहिणीची सही

आतां परत नांदेडच्या त्या बैठकीकडे. अण्णांनीं पुढें केलेला कागद हक्कसोडपत्राचा होता. हक्कसोडपत्र म्हणजे एकत्र मिळकतींतील आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभांत कायमचा सोडून देणें. तें नोंदावें लागतें. जवळच्या नात्यांत वडिलोपार्जित मिळकतीसाठीं त्यास मुद्रांक शुल्क नाममात्र असतें, म्हणूनच तें इतकें सर्रास केलें जातें. एकदां नोंदलें कीं ‘मला ठाऊक नव्हतें’ म्हणून तें परत फिरविणें फार कठीण.

आणि बहिणीला हिस्सा होता काय? होता. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यापासून मृत्युपत्र न करतां वारलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलगी ही मुलाबरोबरीची वारस आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि केंद्रानें ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतींतहि तिला मुलासारखा जन्मतः हक्क दिला. त्या तारखेस वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं स्पष्ट केलें. आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. २००५ पूर्वीं राहत्या घराची वाटणी भाऊ करीत नाहींत तोंवर बहिणीला ती मागतां येत नसे. तें कलमच त्या वर्षीं रद्द झालें. म्हणजे गंजगोलाईजवळच्या त्या वाड्यांत, जेथून तिचें लग्न होऊन ती परभणीस गेली, तिचा अर्धा वांटा उभा होता.

आमचे अण्णा लोभी गृहस्थ नव्हेत. बहिणीच्या बाळंतपणांत, तिच्या यजमानांच्या आजारपणांत ते धांवून गेलेले आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या मतें ही सही म्हणजे वाडा विकण्यापूर्वींची एक पायरी, तहसिलांत दाखला जोडतात तशी. चूक होती ती ‘उपचार’ या शब्दांत. ज्या कागदानें एखाद्याचें कांहीं जातें, तो उपचार नव्हे.

बहिणीनें त्या दिवशीं सही केली नाहीं. रागानेंहि बोलली नाहीं. ‘‘घरीं नेऊन वाचतें, अण्णा,’’ एवढेंच म्हणाली आणि कागद पिशवींत घातला. वहिनींनीं तिची ओटी भरली. पण जेवतांना कोणी फारसें बोललें नाहीं, हें आम्हीं पाहिलें. महिन्याभरानें ती परत आली. तोंवर अण्णांनींहि दुसऱ्या एका वकिलाकडे तोच कागद समजावून घेतला होता. शेवटीं हक्कसोडपत्र झालेंच नाहीं. वाड्याच्या खरेदीखतावर लिहून देणार म्हणून भाऊ आणि बहीण दोघांच्या सह्या झाल्या आणि रक्कम दोघांच्या खात्यांत निरनिराळी जमा झाली. आपल्या वांट्यांतील कांहीं रक्कम तिनें भाच्याच्या सदनिकेसाठीं दिली आणि ती किती व कशासाठीं दिली, तें एका कागदावर लिहून दोघांनीं जवळ ठेवलें. कर्ज त्यामुळें थोडें अधिक काढावें लागलें. मुदत मात्र पंधरा वर्षांचीच ठेवली.

त्यानंतर अण्णा आम्हांस भेटले तेव्हां म्हणाले, ‘‘तिनें वाचावयास मागितला म्हणून मीं तो कागद वाचला. नाहीं तर आयुष्यभर मुलांना परीक्षेंत प्रश्न नीट वाचून उत्तर लिहा म्हणून सांगणारा मी, न वाचतांच सही घेऊन मोकळा झालों असतों.’’

वाचकांनीं, आणि विशेषतः आमच्या वाचक भगिनींनीं, आपल्या घरांतली पेटी एकदां उघडून पाहावी. मृत्युपत्र, नामनिर्देशन आणि बक्षीसपत्र हे तीन शब्द विस्तारभयास्तव या खेपेस राहिले. नामनिर्देशित व्यक्ति ही मालक नव्हे, एवढेंच आज सांगून ठेवतों. बाकीचें पुढील अंकीं.